गवत पेरणारे सभापती

सभापतींच्या घरी माणूस गेला की ते आधी त्याच्या पायाशी बसत. पाणी, चहा, पाऊसपाण्याच्या गप्पा हे सगळं नंतर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा, वय सत्तरीच्या पुढे, आणि असा माणूस तुमच्या पँटच्या तळाला चिकटलेली कुसळं एकेक करून उपटतोय म्हटल्यावर कुणालाही अवघडल्यासारखं होणारच. मी तर पहिल्या भेटीत दोन पावलं मागे सरलो होतो. बदली होऊन वडवणीच्या बाजूला नुकताच आलो होतो, आणि सभापतींची गाय पोट फुगून आडवी झाल्याचा फोन आला होता. मी गोठा कुठे म्हणून विचारतोय, तर हे गृहस्थ माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणतात, “हलू नका डाक्टर. माळावरून आलाय तुमी, लई चांगली कुसळी लागलीय.” तिकडे गाय कण्हतेय आणि इकडे मालक माझ्या मोज्यांतून गवताचं बी काढून शर्टाच्या खिशात ठेवतोय. गाय वाचली. मोजे काही वाचले नाहीत.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. पण खेड्यात जनावराला सुई टोचणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. तसे सभापती तरी कुठे सभापती राहिले होते? फार पूर्वी अडीच वर्षं पंचायत समितीचं ते पद त्यांच्याकडे होतं. त्यानंतर ते उभे राहिले त्या सगळ्या निवडणुका हरले. तरी गावाने हाक बदलली नाही, आणि त्यांनी गाडीच्या मागचं ‘माजी सभापती’ खोडलं नाही. त्यांची बायको, शांताकाकू, एरवी त्यांना ‘अवो’ म्हणे आणि रागावली की ‘सभापती’.

त्या अडीच वर्षांतलं एक काम त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. गावाच्या वर डोंगरउतारावर मोठं गायरान आहे. एके काळी तिथे कमरेइतकं गवत असे आणि आसपासच्या गावांची जनावरं त्यावर पोसत. सभापतींच्या डोक्यात तेव्हा झाडं शिरली. जेसीबी आणून त्यांनी सगळा उतार उकरला, ओळीने खड्डे घेतले, भराभर वाढणारी बाहेरची झाडं लावली, वर मांडव घालून भाषणं केली. झाडं पुढच्या उन्हाळ्यांत वाळून गेली. उकरलेला मुरूम तेवढा वर आला. वरची बोटभर माती पावसाने ओढ्याला नेली आणि मातीबरोबर गवतही गेलं. आता तिथे तरवड, काटे आणि पावसाळ्यात चार दिवस दिसणारी खुरटी हिरवळ एवढंच उरलंय. नवा माणूस भेटला की सभापती त्याला गाडीत घालून वर नेत, पंजा उघडून सगळा उतार दाखवत आणि म्हणत, “ह्यो मी केलेला विकास.” म्हातारपणी त्यांना एवढं एकच हवं होतं. ते गवत परत त्या उतारावर उभं राहिलेलं बघायचं होतं.

त्यासाठी त्यांनी शेडनेट कामाला लावलं. कागदोपत्री त्याला हरितगृह म्हणतात, गावात शेडनेट. मुलाने, महेशने, ढोबळी मिरचीसाठी ते उभं केलं होतं; पण दोन हंगामांत मिरचीला कंटाळून तो बीडला गेला आणि तिथे क्लासेस चालवू लागला. रिकाम्या शेडनेटमध्ये सभापतींनी रोपांचे ट्रे मांडले आणि त्यात मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी अशी माळावरची गवतं पेरली. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला माणूस सावलीत, झारीने पाणी घालून, गवत पेरतो ही बातमी बाजाराच्या दिवशी सगळ्या तालुक्यात पसरली. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. काकूंचं म्हणणं एका वाक्याचं होतं, “आमच्या सासऱ्यांनी जिंदगी गवत उपटण्यात घातली, ह्यांनी पेरण्यात घातली.”

पहिल्या वर्षी एक काडी उगवली नाही. सभापतींनी ताजं बी पेरलं होतं, आणि ही गवतं अशी आहेत की त्यांचं ताजं बी झोपून राहतं. वर्ष उलटलं की मग जागं होतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी पिशवीच्या तळाशी राहिलेलं जुनं बी वैतागून पेरलं तेव्हा ते तरारून आलं. त्या दिवशी त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मला वाटलं, जनावर अडलं असेल. बघतो तर हे ट्रेसमोर खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, “बी म्हंजे मतदार हाय डाक्टर. आज हात जोडले म्हणून आज उठत न्हाई. त्याला वाटंल तवा उठतंय.” त्यांची सगळी अक्कल निवडणुकीतून आलेली होती आणि ती ते गवताला लावत. बी तळहातावर चोळून फुंकर मारायची, पोकळ असेल ते उडून जातं, भरलेलं राहतं. फोल उडालं की म्हणत, “हे समदे भाषणाला आलेले. मत देणारे हे बघा, चारच.” बी ठेवायला निवडणुकीतून उरलेल्या, निशाणी छापलेल्या कापडी पिशव्या होत्या. पद गेल्यावर घेतलेल्या त्या निशाणीला जन्मात कुणी मत दिलं नव्हतं.

पण उगवलं म्हणून संपलं नाही. ट्रेमधलं नारळाच्या भुश्याचं भुसभुशीत कोकोपीट गवताला मानवेना. रोपं लांबुळकी व्हायची आणि माना टाकायची. सभापतींनी मग डोंगरावरचा मुरूम आणून चाळला, त्यात वारुळाची माती आणि जुनं शेण मिसळलं, वरची जाळी दुपारची तेवढी ओढायची असं ठरवलं. रोपांना ऊन लागायला लागलं तशी ती बुटकी, दमदार झाली. “लाडात वाढवलेला कार्यकर्ता उन्हात टिकत न्हाई,” असं ते महेशकडे न बघता म्हणाले. महेश सुट्टीला आलेला होता. तो हसला, पण त्याला लागलं असावं.

बी कुठून आणायचं हाही मोठा प्रश्न होता, कारण आसपासच्या माळांवर ते शिल्लकच नव्हतं. शेवटी ते शेजारच्या गावच्या कबरस्तानात सापडलं. तिथे चारी बाजूंनी भिंत, कुणी जनावर सोडत नाही, कुणी नांगर घालत नाही. दिवाळीच्या सुमाराला गवत पिवळं पडलं की सभापती तिथे जात. देखभाल करणारे एक म्हातारे चाचा होते. ते दोन कबरींच्या मधल्या वाटेवर सतरंजी टाकून देत, चहा पाजत, आणि हे दोघे बसून मारवेलाचे तुरे ओरबाडत. मी एकदा सोबत गेलो होतो. चाचा म्हणाले, “सभापतीसाब, जिंदा लोगां के पास बीज नहीं मिला क्या?” सभापती म्हणाले, “चाचा, माणूस जिथं हक्क सांगत न्हाई तिथंच ते ऱ्हातंय.” नंतर एका वर्षी त्या कबरस्तानाचाही विकास झाला, आतून पेव्हर ब्लॉक बसले. चाचांनी फोन करून कळवलं तेव्हा सभापती नुसते “बरं झालं, चांगलं झालं” म्हणत राहिले.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शेडनेटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती इतकी रोपं तयार होती. मी चार गोष्टी सांगितल्या, कारण माझा धंदाच जनावरांचा. हे गवत माळावर लावलं तर त्याला मुळं धरायला निदान दोन वर्षं हवीत, आणि तोवर जनावराचं तोंड लागलं तर सगळं मुळासकट उपटून येईल. बैल गवत कापत नाही, जिभेचा वेढा घालून ओढतो. “गायरान बंद करावं लागेल,” मी म्हणालो. “मंग ठराव घेतो की,” ते म्हणाले, “त्याची काय फिकीर करता? जिंदगी ठराव घेण्यातच गेली.”

ठराव त्यांनी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत घेतला. आमच्या भागाची रीत ठाऊक नसलेल्याला यात काही खटकणार नाही. दसरा झाला की आमची अर्धी गावं ऊस तोडायला निघून जातात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. असे कोयतेच्या कोयते, पोरंबाळं, बैलगाड्या घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात ते मार्च-एप्रिलला परततात. सव्वीस जानेवारीला गावात उरतात ते जमीनवाले, म्हातारे आणि शाळेची मुलं. झेंडा झाल्यावर सभापती उभे राहिले, गायरान दोन वर्षं चराईला बंद म्हणाले, सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांनी माना हलवल्या त्यांच्यापैकी एकाचंही जनावर गायरानावर जात नव्हतं. मी तिथेच होतो, जिलेबी खात होतो. माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

जुलैत रोपं वर गेली. सभापती स्वतः काठी टेकत उतारावर उभे होते, मजूर बाया लावत होत्या, पाऊस बरा होता. आठवड्याभरात उतारावर हिरव्या ठिपक्यांच्या ओळी दिसायला लागल्या. मी लसीकरणासाठी रोज त्या बाजूला जात होतो. इतका खुशीत असलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते ओळी दाखवत, आणि पंजा उघडून दाखवण्याची ती जुनी लकब आता वेगळीच वाटायची.

एका सकाळी मी पोहोचलो तर वरच्या वाटेवर बैल उभे होते. पुढे रुक्मिणबाई. तिशीतली बाई, नवऱ्याबरोबर दर वर्षी ऊसाला जाणारी. तिच्या बैलांच्या खांद्यांवर मी नेहमी औषध लावत आलोय. मागे आणखी पाच-सहा घरांची जनावरं होती. सभापती वाटेत आडवे उभे.

“सभापती, बाजूला व्हा. बैलं उपाशी हायेत.”

“ठराव झालाय रुक्मिण. दोन वर्सं दम धरा. मंग सारा डोंगर तुमचाच हाय.”

“कवा झाला ठराव?”

“सव्वीस जानेवारीला.”

“सव्वीस जानेवारीला आमी फडात होतो. आमाला कुणी इचारलं?” ती ओरडत नव्हती. “तुमच्या दारात कडब्याची गंज हाय. ज्वारी पेरायच्या वख्ताला आमी कोयता घेऊन गेलतो, आमच्याकडं कुठून येणार कडबा? दोन वर्सं ह्या बैलांनी काय खायचं, ते हाय का ठरावात?”

मागून एक जण म्हणाला की आधी झाडं लावून गायरान घालवलं, आता गवताच्या नावाखाली तारेचं कुंपण येणार, मग सातबारा. असं कुंपण येऊन गायरानं गेल्याची उदाहरणं आजूबाजूला होती, त्यामुळे त्याचंही चूक नव्हतं. सभापतींनी हातातली काठी एकदा पुढे टेकवली. तिच्यावर भार दिला आणि वाटेतून बाजूला झाले. पोलिसांना फोन करता आला असता, ठराव खिशात होता. त्यांनी केला नाही.

बैल वर गेले. मी सांगितलं होतं तसंच झालं, आणि आपलं म्हणणं असं खरं ठरावं याचं मला फार वाईट वाटलं. गवताचा ठोंब जिभेने ओढला की मातीच्या गड्ड्यासकट वर यायचा, बैल मान झटकून माती पाडायचा आणि पुढच्या ठोंबाकडे वळायचा. दुपारपर्यंत पहिल्या ओळी संपल्या. उरलेलं दोन दिवसांत गेलं.

परतताना गाडीत मी म्हणालो, “तुमची गंज वाटून टाका. यंदाचं यंदा भागेल.”

“येका गंजीनं किती बैलं जगतेत डाक्टर?” ते म्हणाले. मग गाव जवळ आल्यावर, “सव्वीस जानेवारीला कावून घेतली सभा, इचारा की. सवय. ऊसतोडीवाले गावात नसले की गिल्ला होत न्हाई. मी सभापती असताना तमाम ठराव त्याच दिवशी काढले. झाडांचाबी त्याच दिवशी काढलता.”

 

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सगळं गाव हजर होतं. सभापती उभे राहिले आणि भाषण न करता म्हणाले, “जानेवारीत मी तुमाला टाळून ठराव घेतला. ते चुकलं. आज समद्यांसमोर मागतो. निम्मं गायरान बंद करा, निम्मं चरू द्या. माझी गंज वाटून घ्या.” लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागून कुणीतरी विचारलं, “सभापती, कुणाच्या नावावर करायचंय ते सांगून टाका ना.” थोडं हसू झालं. सरपंचाने हात वर करायला सांगितलं. एकच हात वर झाला, त्यांचा स्वतःचा. मी बाहेरचा, मला मत नाही. ते हात बराच वेळ खाली घेईनात, मग सरपंचाने “बसा आता” म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “डिपॉझिटबी गेलं.”

शेडनेट त्यांनी बंद केलं नाही. दर वर्षी पेरायचे, रोपं यायची, आणि ती लावायला जागा नसायची. ट्रेमध्येच रोपं म्हातारी व्हायला लागली, मुळं भोकांतून खाली जमिनीत उतरली. मी सुचवलं म्हणून काही ठोंब त्यांनी शेताच्या बांधावर लावून बघितले. मजुराने तणनाशक मारताना तेही जाळले. त्याला बोलायची सोय नव्हती. गवत दिसलं की मारायचं हेच त्याला आपण शिकवलेलं. “बांधावर आलं काय अन् न्हाई काय,” सभापती म्हणाले. “माळावरून गेलंय ते माळावर यायला पायजे.”

मग छातीचं दुखणं निघालं आणि महेशने त्यांना बीडला नेलं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी मी भेटायला गेलो. खाली क्लासची मुलं आणि रिक्षांचा गोंगाट. खिडकीजवळच्या पलंगावर ते पडलेले, शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. काकू गावीच राहिल्या होत्या, ट्रेंना झारीने पाणी घालायला. मी म्हणालो, बरे व्हा, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सभा घेऊ.

“खरं सांगू का डाक्टर,” ते म्हणाले, “ते गवत आता येत न्हाई. सभेत हात वर केला ना, तवाच कळलं होतं मला.”

“मग इतकी वर्षं पेरत कशाला होता?”

“दुसरं काय करू? माझ्या हातानं गेलंय ते.” त्यांनी हात पालथे करून बघितले. मी माणसांच्या बाबतीत फार हळवा नाही, जनावरांच्या बाबतीत आहे; पण त्या दिवशी जिना उतरताना मला मधेच थांबावं लागलं.

आषाढात ते गेले. तेराव्यानंतर महेशचा मला फोन आला. तो वाईट मुलगा नाही. त्याला शेडनेटमध्ये पुन्हा काहीतरी करायचं होतं, बाग करायला कुणी भागीदार मिळाला होता. आत गवत छातीला लागत होतं. त्याने विचारलं, “काका, जनावराला चालंल का हे? काही विषारी नाही ना?” मी म्हणालो, “चालेल. याच्यापेक्षा चांगला चारा या जिल्ह्यात नाही.” मग त्याने ज्याला हवं त्याने कापून न्यावं म्हणून गावात सांगितलं. बाया विळे घेऊन आल्या आणि त्यांनी दुपारपर्यंत सगळं कापून नेलं. मागोमाग ट्रॅक्टर आत घालून रोटाव्हेटर फिरवला. बियांच्या पिशव्या कुठे गेल्या, मी विचारलं नाही. काकू ओट्यावर पाठ करून गहू निवडत बसल्या होत्या.

दोन दिवसांनी रुक्मिणबाईच्या बैलाचा खांदा सुजला म्हणून तिने मला बोलावलं. दावणीत त्या गवताच्या चार काड्या उरल्या होत्या आणि शेजारी उसना आणलेला कडबा तसाच पडला होता. ती बैलाची वेसण धरून उभी राहिली.

“सभापतीच्या शेडनेटातलं हाय,” ती म्हणाली. “ते खाल्ल्यापास्नं बैलं कडब्याला तोंड लावंनात. असलं छातीइतकं गवत म्या तरी जिंदगीत बघितलं न्हवतं. अजून हाय का कुठं, डाक्टर?”

मी नाही म्हणालो आणि खांद्याला मलम लावत राहिलो.